व्हाइट वाइन निवडायची कशी: आधी जीभ, मग लेबल

नव्याने वाइन पिणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत गोडीच्या बाबतीत होते. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातली सॉव्हिन्यॉ ब्लां या द्राक्षाची वाइन पेल्यात ओतली की पॅशनफ्रूट, पेरू, नुकतंच कापलेलं गवत असा घमघमाट सुटतो आणि पहिलाच घोट घेऊन माणूस म्हणतो, “गोड आहे.” खरं तर त्या वाइनमध्ये साखर नावापुरती असते. नाकाने पिकलं फळ ओळखलेलं असतं आणि त्याचं खापर जिभेवर फुटतं. उलट जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या एखाद्या हलक्या रीझलिंगमध्ये लिटरमागे ४० ग्रॅम साखर असूनही पिणारा “मस्त आंबटसर आहे” म्हणत पेला पुढे करतो. या दोघांनी पुढच्या वेळी दुकानात जाऊन ‘गोड नको’ किंवा ‘आंबट द्या’ असं सांगितलं, तर त्यांच्या हाती भलतीच बाटली पडणार.

म्हणून द्राक्षांच्या जाती पाठ करण्याआधी चार गोष्टी तोंडाने ओळखायला शिकाव्यात: साखर किती, आंबटपणा किती, वाइनचा भार किती, आणि तिला लाकडी पिंपाची किंवा लोण्याची चव लागली आहे का. देश, गाव, द्राक्ष, साल ही सगळी माहिती या चार उत्तरांचा अंदाज बांधण्यासाठीच असते. चारांपैकी आंबटपणाला मी सर्वांत वर ठेवतो. त्याचं कारण वाइन तयार कशी होते यात आहे.

रस, साल आणि आम्ल

रेड वाइनमध्ये द्राक्षाचा रस सालांसकट आंबवतात, त्यामुळे सालातला रंग आणि तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. व्हाइट वाइनसाठी द्राक्षं दाबून रस आधीच वेगळा करतात आणि नुसता रस आंबवतात. बहुतेक जातींचा गर बिनरंगी असल्यामुळे काळ्या द्राक्षांपासूनही पांढरी वाइन होऊ शकते. शॅम्पेनमध्ये पिनो न्वार हे काळं द्राक्ष सर्रास वापरलं जातं. (पांढरी द्राक्षं मुद्दाम सालांसकट आंबवली तर जी तांबूस-केशरी वाइन मिळते तिला ऑरेंज वाइन म्हणतात. जॉर्जिया देशात ती जमिनीत पुरलेल्या मोठ्या मडक्यांत करतात. तिच्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नये. तिचा तुरटपणा नवख्या माणसाला गोंधळात टाकतो.)

तुरटपणा जवळजवळ नाही म्हटल्यावर व्हाइट वाइनची सारी मदार आम्लावर येते. टार्टारिक आणि मॅलिक ही द्राक्षातली दोन मुख्य आम्लं. द्राक्ष उन्हात पिकत जातं तशी त्यातली साखर वाढते आणि आम्ल, विशेषतः मॅलिक, घटतं. त्यामुळे थंड प्रदेशातली वाइन जास्त आंबट, कमी अल्कोहोलची, लिंबू आणि हिरव्या सफरचंदाकडे झुकणारी असते. उष्ण प्रदेशातली वाइन भारदस्त, कमी आंबट, पीच-अननसाकडे जाणारी असते. याला अपवाद आहेत. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाच्या कडक उन्हातही आसिर्टिको हे द्राक्ष आपला आंबटपणा टिकवून धरतं. तरीही अनोळखी बाटली हातात आल्यावर अंदाज बांधायला हा एक नियम पुष्कळ पुरतो.

पुढचं सगळं वाइन करणाऱ्याच्या हातात असतं. सुवास उडून जाऊ नये म्हणून व्हाइट वाइन बहुधा १२ ते १८ अंश सेल्सिअसला, स्टीलच्या टाकीत आंबवतात. त्यानंतर काही जण तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं जिवाणूंकरवी सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतात. या प्रक्रियेत डायअसेटिल नावाचं संयुग तयार होतं आणि वाइनला लोण्याचा वास येतो. काही जण वाइन ओकच्या पिंपात ठेवतात. नवं पिंप असेल तर व्हॅनिला, टोस्ट, खोबरं असे वास येतात. काही जण मेलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन महिनोन् महिने राहू देतात, त्यामुळे ती तोंडात थोडी जाड लागते आणि ताज्या पावासारखा वास येतो. एखादी शार्डोने ‘जड’ वाटते तेव्हा त्यात द्राक्षाचा हात कमी आणि या तीन निर्णयांचा जास्त असतो.

पायरी पहिली: वाइनशिवाय सराव

तीन पेल्यांत सारखंच पाणी आणि सारखाच लिंबाचा रस घ्या. पहिल्यात साखर घालू नका, दुसऱ्यात एक चमचा घाला, तिसऱ्यात तीन. क्रमाने चाखा. आम्ल तिन्हींत तेवढंच आहे, पण तिसरा पेला सर्वांत कमी आंबट लागेल. साखर आम्लाला झाकते आणि आम्ल साखरेला. रीझलिंगमधले ते ४० ग्रॅम याच कारणाने लपतात.

मग आंबटपणा चवीवर न मोजता लाळेवर मोजायला शिका. प्रत्येक पेल्याचा घोट गिळल्यावर मान किंचित खाली करा आणि गालांच्या आतल्या बाजूंना किती पाणी सुटतं, किती वेळ सुटत राहतं ते बघा. साखरेने जीभ फसते, लाळ त्या मानाने कमी फसते. वाइन चाखताना हीच खूण सर्वांत भरवशाची आहे. आणि ‘जिभेच्या टोकाला गोड, कडांना आंबट’ हा शाळेत पाहिलेला जिभेचा नकाशा विसरून जा. प्रत्येक चव जिभेच्या सगळ्या चवग्राही भागांना कळते.

पायरी दुसरी: घोट घेण्याची पद्धत

पेला एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग पेला गोल फिरवून पुन्हा घ्या. ‘ओल्या दगडावरची शेवंती’ असलं काही शोधायच्या नादी लागू नका. सुरुवातीला एवढंच ठरवा: वास जोरदार आहे की मंद? फळ हिरवं आहे, पिकलेलं आहे की सुकवलेलं? फळाखेरीज लोणी, व्हॅनिला, मध असं काही आहे का?

घोट घेतल्यावर तो तोंडभर फिरवा आणि चार प्रश्न क्रमाने विचारा. साखर: नाक चिमटीत धरून घोट घेतला तर फळाचा वास नाहीसा होतो आणि खरी गोडी उरते. मार्लबरोची सॉव्हिन्यॉ ब्लां अशी नाक धरून प्यायली की ती किती कोरडी (म्हणजे बिनगोड) आहे ते लगेच कळतं. आंबटपणा: लाळ. भार: साय काढलेलं दूध आणि सायीचं दूध तोंडात जसं वेगळं लागतं, तसा हलक्या आणि जड वाइनमधला फरक असतो, अल्कोहोल जास्त असेल तर गिळताना घशात ऊब जाणवते. पिंप आणि लोणी: हे नाकाला जास्त कळतं.

रंगावर फार विसंबू नका. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका प्रयोगात व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला होता. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेड वाइनला शोभणाऱ्या शब्दांत केलं. डोळा नाकाला सहज फसवतो. रंगावरून एवढंच बघा की तरुण वाइन फिकट, हिरवट झाक असलेली आहे आणि सोनेरी वाइन बहुधा पिंपातली, जुनी किंवा गोड आहे. दोन वर्षांची साधी वाइन तपकिरीकडे झुकली असेल तर तिला हवा लागली असण्याची शक्यता मोठी.

एका बैठकीत चारपाच वाइन चाखायच्या असतील तर घोट थुंकायला शिका. धंद्यातली माणसं हेच करतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. १२.५ टक्क्यांच्या वाइनच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ते वासाकडे लक्ष देणाऱ्या माणसाचंही डोकं तितकंच हलकं करतं.

पायरी तिसरी: एकटी बाटली नको, जोडी घ्या

एका वेळी एकच वाइन पिऊन माणूस फार थोडं शिकतो, कारण जास्त आंबट म्हणायचं ते कशापेक्षा, हे ठरवायला समोर दुसरं काही नसतं. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की फरक आपोआप बोलतो. दोघा-तिघांनी मिळून जोडी घेतली तर बाटल्या वायाही जात नाहीत. माझ्या मते पुढच्या चार जोड्या पुरेशा आहेत, आणि त्या याच क्रमाने घ्याव्यात.

पहिली जोडी एकाच द्राक्षाची: फ्रान्समधली शाब्ली आणि कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियाची पिंपात ठेवलेली शार्डोने. दोन्हींत द्राक्ष शार्डोनेच. शाब्ली बर्गंडीच्या उत्तर टोकाला, थंड हवेत होते आणि साधी शाब्ली बहुधा नव्या पिंपाला शिवतही नाही. त्यामुळे ती आंबट, सडसडीत लागते. दुसरीत पिकलेलं फळ, लोणी, व्हॅनिला. “मला शार्डोने आवडत नाही” म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांना खरं तर पिंप आवडत नसतं. ही एक जोडी प्यायल्यावर ते वाक्य तुम्ही पुन्हा म्हणणार नाही. शार्डोनेवर कुणा एका प्रदेशाची मक्तेदारी आहे असंही समजू नका. १९७६ साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून झालेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी बर्गंडीच्या नामांकित वाइन मागे टाकून कॅलिफोर्नियातल्या शातो माँटलेनाच्या १९७३ च्या शार्डोनेला पहिला क्रमांक दिला होता.

दुसरी जोडी रीझलिंगची: लेबलवर ‘ट्रॉकेन’ (जर्मनमध्ये कोरडी) लिहिलेली, १२ टक्क्यांच्या आसपासची एक आणि ‘कॅबिनेट’ लिहिलेली, ८-९ टक्क्यांची एक. नुसता आकडा वाचून गोडीचा अंदाज कसा येतो ते इथे कळतं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. अल्कोहोल ८ टक्क्यांवरच थांबलं असेल तर आंबणं मध्येच थांबवलेलं असण्याचा आणि साखर मागे राहिल्याचा संभव मोठा. हा ठोकताळा डोळे झाकून मात्र वापरू नका. पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्दे आणि ऑस्ट्रेलियाच्या हंटर खोऱ्यातली सेमियाँ कमी अल्कोहोलच्या असूनही बहुधा कोरड्या असतात, कारण तिथली द्राक्षंच कमी साखरेवर तोडलेली असतात. रीझलिंग जुनी झाली की तिला रॉकेलसारखा वास येऊ लागतो. तो दोष नाही. काही जण त्याच वासासाठी ती दहा-दहा वर्षं ठेवतात.

तिसरी जोडी सुगंधी आणि निर्गंध यांतला फरक दाखवते: सॉव्हिन्यॉ ब्लां आणि इटलीची साधी पिनो ग्रिजिओ. पहिली पेल्याबाहेरूनच ओळखू येते. दुसरीत सफरचंद-नाशपतीचा हलका वास आणि बाकी नुसता ताजेपणा. पिनो ग्रिजिओला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. जेवणाच्या मध्ये मध्ये येऊन गप्पा न तोडणारी वाइन हवी असते तेव्हा हीच कामाला येते. फ्रान्सच्या अल्सास भागात याच द्राक्षाला पिनो ग्री म्हणतात आणि तिथली वाइन चांगली भारदस्त, कधी किंचित गोडही असते.

चौथी जोडी: गेव्युर्त्सट्रामिनर आणि अल्बारिन्यो. पहिलीत लिची आणि गुलाब, अल्कोहोल बऱ्यापैकी, आंबटपणा कमी. स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरच्या दुसरीत लिंबू, पीच आणि जवळजवळ खारट वाटणारा आंबटपणा. गेव्युर्त्सट्रामिनरचा पहिला पेला बहुतेकांना फार आवडतो आणि दुसरा जड जातो. आंबटपणा नसला तर वाइन तोंडात बसून राहते, हे इतकं स्पष्ट दुसरं कुणी शिकवत नाही.

शेनिन ब्लां मी मुद्दाम शेवटी ठेवली. फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यात आणि दक्षिण आफ्रिकेत ती मोठ्या प्रमाणावर होते; आंबट, कोरडी, अर्धगोड, अतिगोड, फसफसणारी अशी सगळी रूपं ती घेते. चार प्रश्नांची उत्तरं जिभेला यायला लागली की शेनिनच्या दोन बाटल्या घ्या आणि स्वतःची परीक्षा घ्या.

पायरी चौथी: लेबल वाचणे

युरोपातल्या अनेक लेबलांवर द्राक्षाचं नावच नसतं, गावाचं असतं. सुरुवातीला एवढी गावं लक्षात ठेवली तरी चालतं: पांढरी सॉन्सेर आणि पुयी-फ्युमे म्हणजे सॉव्हिन्यॉ ब्लां; शाब्ली, मर्सो आणि बहुतेक पांढरी बर्गंडी म्हणजे शार्डोने; व्हूव्रे म्हणजे शेनिन ब्लां; सोआवे म्हणजे मुख्यतः गार्गानेगा; गावी म्हणजे कोर्तेझे. मस्कादे आणि मस्कॅट या नावांचा मात्र घोटाळा करू नका. पहिली अटलांटिक किनाऱ्याजवळची कोरडी, आंबट, मितभाषी वाइन. दुसरं ताज्या द्राक्षांचाच वास देणारं अत्यंत सुगंधी द्राक्ष, ज्यापासून ५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली गोड मोस्कातो द’आस्ती होते.

गोडीसाठी युरोपातले आकडे असे आहेत: लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर म्हणजे ड्राय, आणि आम्ल पुरेसं असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. फ्रेंचमध्ये ‘सेक’, जर्मनमध्ये ‘ट्रॉकेन’, इटालियनमध्ये ‘सेक्को’. ‘डेमी-सेक’ किंवा ‘हाल्बट्रॉकेन’ म्हणजे त्याहून गोडसर, ‘म्वालो’ म्हणजे स्पष्ट गोड. फसफसणाऱ्या वाइनमध्ये हेच शब्द वेगळ्या मापाने वापरतात: तिथे ‘ब्रूट’मध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ ग्रॅम. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला नवख्यांची काही पर्वा नव्हती. जर्मन लेबलवरचे ‘कॅबिनेट’, ‘श्पेटलेझ’, ‘आउसलेझ’ हे शब्द तोडणीच्या वेळी द्राक्षात किती साखर होती ते सांगतात, वाइनमध्ये किती उरली ते नव्हे. त्यामुळे ‘श्पेटलेझ ट्रॉकेन’ असंही लेबल असतं आणि ती वाइन कोरडी असते. काही रीझलिंगच्या मागच्या लेबलवर ड्रायपासून गोडपर्यंतची पट्टी छापून त्यावर खूण केलेली असते; दिसली तर तिच्यावर विसंबा.

मग साल, म्हणजे द्राक्षाच्या तोडणीचं वर्ष, बघा. बहुतेक साध्या व्हाइट वाइन पहिल्या दोन-तीन वर्षांतच प्यायच्या असतात. कपाटात पडून राहिलेली पाच वर्षांची स्वस्त सॉव्हिन्यॉ ब्लां म्हणजे मुरलेली नव्हे, शिळी. दक्षिण गोलार्धात तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, म्हणून त्याच सालाची तिथली बाटली युरोपातल्या बाटलीपेक्षा सहा महिन्यांनी मोठी. बाटली पारदर्शक काचेची असेल आणि दुकानात उजेडात मांडलेली असेल तर मागच्या रांगेतली मागून घ्या. उजेडाने व्हाइट वाइन बिघडते आणि तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो.

‘रिझर्व्ह’ हा शब्द स्पेन-इटलीत नियमाने बांधलेला आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलियात त्याला कायद्याचा आधार नाही, तिथे तो कुणीही छापू शकतो. फिरकीचं झाकण हे हलक्या दर्जाच्या वाइनचं लक्षण नाही. क्लेअर खोऱ्यातल्या ऑस्ट्रेलियन उत्पादकांनी २००० सालच्या रीझलिंगला एकत्र मिळून ते बसवलं, कारण खराब बुचामुळे वाइन वाया जात होती.

दुकानदाराशी बोलताना नाव मागू नका, वर्णन द्या: “साखर नसलेली, चांगली आंबट, हलकी, पिंपात न ठेवलेली व्हाइट वाइन हवी. याआधी शाब्ली आवडली होती.” आवडलेल्या एका बाटलीचं नाव दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतं. न आवडलेली एक सांगितलीत तर आणखी उत्तम.

पायरी पाचवी: किती थंड, कशासोबत

वाइन प्रमाणाबाहेर थंड करण्याची सवय जवळजवळ सार्वत्रिक आहे. फ्रिजमधून, म्हणजे ४ अंशांवरून, थेट पेल्यात आलेल्या वाइनला वास नसतो, नुसता आंबटपणा असतो. हलक्या, सुगंधी वाइनला ७ ते १० अंश, शार्डोनेसारख्या भारदस्तांना १० ते १३ अंश बरे. थर्मामीटरची गरज नाही: भारदस्त वाइन फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा, हलकी दहा मिनिटं आधी. खोलीत असलेली बाटली घाईने गार करायची तर नुसता बर्फ घेऊ नका, बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं घ्या आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरावीस मिनिटांत काम होतं. उलट एखादी वाइन तुम्हाला आवडलीच नाही, तर तिला आणखी थंड करून पाहुण्यांना द्या. थंडीत पुष्कळ दोष लपतात.

पेल्याबद्दल एवढंच: वर निमुळता, खाली दांडी, बस.

जेवणासोबत जुळवताना पुन्हा तेच चार प्रश्न. खारट, तळलेलं, तूपकट असेल तर आंबट वाइन. आम्ल स्निग्धपणा कापतं आणि मिठामुळे वाइन सौम्य लागते. पदार्थ आंबट असेल तर वाइन निदान तितकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट वाटते. पदार्थ गोड असेल तर वाइन त्याहून गोड. कोरडी वाइन मिठाईसोबत कडवट होते. तिखटासोबत अल्कोहोल आग वाढवतं, म्हणून तिथे कमी अल्कोहोलची, किंचित गोड रीझलिंग चालते आणि १४ टक्क्यांची पिंपातली शार्डोने अजिबात नाही. क्रीम किंवा लोण्याच्या सॉससोबत मात्र तीच शार्डोने उत्तम.

बिघाड आणि उरलेली बाटली

तळाशी किंवा बुचाला चिकटलेले काचेसारखे खडे टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, निरुपद्रवी. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर बूच खराब आहे, ती बाटली परत करावी. ठेचलेल्या सफरचंदाचा वास आणि गडद झालेला रंग म्हणजे हवा लागली आहे. विझलेल्या आगकाडीचा वास मात्र पेला जोरात फिरवून पाच मिनिटं थांबल्यावर बहुधा निघून जातो, तेव्हा घाईने ओतून देऊ नका.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस टिकते. आंबट वाइन जास्त, सुगंधी वाइन कमी. निम्मीच प्यायची असं आधीच ठरलेलं असेल तर उघडल्या उघडल्या निम्मी वाइन स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि मोठ्या बाटलीतली प्या. छोट्या बाटलीत हवेला जागाच नसल्यामुळे ती वाइन बरेच दिवस चांगली राहते, आणि पुढची जोडी लावायला एक बाटली आयतीच हाताशी असते.